पाठीवरचं नाव

मानपाड्याच्या नाक्यावर शेअर रिक्षाच्या लायनीत रतन भोईर उभा होता, आणि त्याच्या पुढच्या माणसाच्या पाठीवर त्याची मेलेली बायको होती.

म्हणजे तिचं नाव होतं. पांढरा शर्ट, बहुतेक दसऱ्याला घेतलेला, अजून दुकानातल्या घडीच्या रेषा न गेलेला, आणि दोन खांद्यांच्या बरोबर मधे गंजाच्या तांबूस रंगात हेमा. उलटं. आरशात दिसतं तसं. आधी काना, मग म, मग ह, आणि मात्रा भलत्याच बाजूला कललेली. खाली अजून काहीतरी उमटलेलं, पण ते घामात फिसकटलेलं. त्यातला रतनचा र तेवढा त्याने ओळखला, कारण स्वतःचं नाव माणूस कसंही ओळखतो, उलटं असो नाहीतर चुलीत घातलेलं असो. ऑक्टोबरचा उकाडा. शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तो माणूस श्वास घेईल तशी हेमा जराशी वर यायची, जराशी खाली जायची. रतनला पहिलं काय आलं तर हसू. फस्सकन फुटलंच ते, मागच्या बाईने पर्स छातीशी धरली. त्याचा इलाज नव्हता. आयुष्यभर तोच धंदा केलेला. कंपनीत नवीन इंजिनियर आला की मिठाच्या टेस्टसाठी पाणी बनवायचंय, जा, स्टोअरमधून दोन किलो मीठ आणि चवीपुरती कोथिंबीर घेऊन ये, असं त्याला सांगणारा हा माणूस, आणि ती कोरी करकरीत पोरं स्टोअरच्या खिडकीत जाऊन खरंच कोथिंबीर मागायची. हसू ओसरल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं की आपण बोलायला हवंय. भाऊ, तुमच्या पाठीला बघा काय लागलंय. एवढंच. मानपाड्यात ज्याच्या जिभेला हाड नाही असा एकच माणूस, आणि त्याची जीभ टाळूला चिकटली. रिक्षावाला एक सीट, एक सीट ओरडला, तो माणूस बसला, आरामात मागे टेकला, रिक्षा निघाली. हेमा स्टेशनला गेली. रतन नाक्यावर राहिला. मागची बाई म्हणाली, अहो काका, पुढे सरका ना.

तो माणूस रतनच्याच सोसायटीत कुणाकडे आलेला असणार आणि गेटजवळच्या बाकावर टेकून वाट बघत बसलेला असणार, यात शंका नव्हती. बाक रतनने दिलेला. हेमा जाऊन वर्ष झालं तेव्हा. रोज संध्याकाळी भाजीची पिशवी मांडीत घेऊन ती गेटजवळच्या सिमेंटच्या कठड्यावर बसायची, शेजारच्या निशाबरोबर, अजून दोघीतिघींबरोबर, आणि उठताना दरवेळी कंबर धरून म्हणायची की या सोसायटीत माणसाला टेकायला पाठ नाही. तर रतनने पाठ दिली. बाक कुठून विकत आणला नाही, आपल्या कंपनीत बनवून घेतला, लोखंडी पाइप, बसायला पट्ट्या, टेकायला अख्खा पत्रा. तीस-बत्तीस वर्षं तो एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या कारखान्यात क्वालिटी बघत होता, तेव्हा बाक कसा रंगवायचा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पत्रा आधी तेलातून सोडवायचा, मग आम्लात घालून त्याचा गंज उतरवायचा, मग त्यावर फॉस्फेटचा करडा थर चढवायचा, मग रंगाची कोरडी पूड उडवायची आणि भट्टीत भाजायची. तयार होतो तो थर केसाएवढा. त्या केसाएवढ्या थराच्या अलीकडे हवा, पलीकडे लोखंड, आणि दोघं एकमेकांना भेटायला टपलेले. बाकाचं प्रत्येक काम त्याने स्वतः उभं राहून करून घेतलं. रंग मोरपंखी. भट्टीतून बाहेर आला तेव्हा असा दिसत होता की सगळं खातं बघायला आलं आणि कुणी बसायचं नाव घेईना. हा बाक माझ्यामागे अजून वीस वर्षं टिकणार, असं रतनने तेव्हा सगळ्यांना सांगितलेलं. टिकला असता. खरंच टिकला असता. रतनने त्यावर नाव घातलं नसतं तर.

आता हे नाव घालणं म्हणजे काय, तर भांड्यावर घालतात तसं. हेमाला त्याचं वेड होतं. त्यांच्या गावात अजून हळदीच्या रात्री सगळ्या आळीची भांडी एका मांडवात जातात, टोप, परात, डाव, तांबे, पाचशे माणसांचं रांधणं होतं, आणि सकाळी ज्याचं त्याला ओळखून परत द्यायचं असतं. नाव घातलेलं भांडं घरी येतं. बिननावाचं दुसऱ्याच्या घरी नांदतं. म्हणून हेमाने लग्नातली भांडी तर सोडाच, पक्कड, उलथणं, चहाची गाळणीसुद्धा सोडली नव्हती. दिवाळीच्या आधी पिशवी भरायची आणि कल्याणला भांड्यांच्या बाजारात धोंडीबाकडे जायची. धोंडीबा दुकानाच्या पायरीवर बसायचा, हातात पेनासारखं विजेचं मशीन, घर्रर्र करून स्टीलवर अक्षरं उठवायचा, आणि हेमा त्याच्यासमोर उकिडवी बसून प्रत्येक भांड्यावर तेच तेच नाव होताना असं बघायची की जसं काही पहिल्यांदाच होतंय. एकदा ती ऊस पिळणाऱ्याकडे गेलेली असताना रतनने डाव साधला. लाडवांच्या मोठ्या डब्याच्या बुडाला धोंडीबाकडून कोरून घेतलं, हा डबा भोईरांच्या घरून ढापलेला आहे. पुढे तो डबा निशाकडे गेला आणि तिथेच राहिला, आणि निशाच्या पोरीला बघायला पाहुणे आले तेव्हा तिने त्यातूनच लाडू वाढले, तेही डबा पाहुण्यांच्या डोक्यावरून पलीकडे देत. मुलाच्या बापाने वर बघून मोठ्याने वाचलं. लग्न जमलं, तो भाग वेगळा. हेमा दोन दिवस रतनशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला तेव्हा त्याला स्वयंपाकघरातून आवाज आला, एकटीच हसत होती, पोट धरून, भांड्याला भांडं लागावं तसं खणखणीत. तो नळ बंद करून ऐकत उभा राहिला होता, अंगावर साबण तसाच.

तर बाक झाल्यावर नावाचा प्रश्न आला तेव्हा कल्पिता, त्यांची मुलगी, ठाण्याला दिलेली, ती म्हणाली की आपण छान ग्रॅनाइटची पाटी करू. रतनला पाटी नको होती. पाटी म्हणजे उद्घाटन. स्टिकर म्हणजे रिक्षाची काच. तो धोंडीबाला कल्याणहून घेऊन आला, वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढली, आणि बाकाच्या पाठीवर बोट ठेवून दाखवलं, इथे. वर मोठ्या अक्षरात हेमा, खाली बारीक, रतन भोईर यांची पत्नी. कैलासवासी वगैरे काही नको, भांड्यावर कुठे असतं? धोंडीबाने मशीन लावायच्या आधी पत्र्यावर नख वाजवून बघितलं.

“शेठ, रंग उडेल. भांड्याला रंग नसतो, हे वेगळं काम आहे.”

“उडू दे. तू घाल.”

“नंतर मला बोलायचं नाही.”

रतन काय बोलणार होता? अख्ख्या एमआयडीसीत या गोष्टीवर बोलायचा अधिकार कुणाला असेल तर त्यालाच होता. पट्टीवर नखाचा ओरखडा दिसला तर अख्खा लॉट परत पाठवणारा माणूस, आणि त्याने स्वतः उभं राहून तो थर फोडून घेतला. घर्रर्र सुरू झालं, मोरपंखी रंगाची पिठी उडाली, खालून पांढरं लोखंड चमकलं, आणि रतनला बरं वाटलं. तेच अक्षर, तोच ठिपक्याठिपक्यांचा म, तीच जरा लांबलेली मात्रा, जी त्याच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर होती. वरून त्याने ब्रशने पारदर्शक लॅकर मारलं. लॅकर म्हणजे भट्टीत भाजलेला थर नव्हे, फाटक्या छत्रीला सेलोटेप लावावी तसं ते, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि करणं यांचा तसा काही संबंध नसतो.

नाक्यावर तो शर्ट दिसला त्या दिवशी कंपनीत तो उशिरा पोचला. लॅबमधे मिठाचं कपाट चालू होतं. कपाट म्हणजे झाकण असलेली पेटी, आत मिठाच्या पाण्याचं धुकं, आणि त्या धुक्यात रंगवलेल्या पट्ट्या तिरक्या उभ्या करून शेकडो तास ठेवायच्या, की बाहेर जे वर्षांत होणार ते आत आठवड्यांत होतं. पण पट्टी अशीच ठेवून चालत नाही. धड पट्टी काही सांगत नाही, आत गेली तशीच नवरीसारखी बाहेर येते. आधी तिच्यावर टोकदार हत्याराने फुली मारायची, थेट लोखंडापर्यंत, आणि मग बघायचं की त्या फुलीपासून गंज रंगाच्या खालून किती लांब सरकतो. वरून रंग जागच्या जागी असतो. चमकतोसुद्धा. चिकटपट्टी लावून खेचली की कळतं की खाली त्याने कधीच सोडून दिलंय. लग्नानंतर रतनने हे हेमाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती, हात थांबला तिचा. “म्हणजे तुम्ही आधी जखम करता आणि मग तिला मीठ चोळता?” ती म्हणालेली. “आणि त्याचा पगार मिळतो?” मग तिला जास्तच चेव आला, कारण तिची आई, कमळाबाई, कळव्याच्या पुढे खाडीकाठच्या मिठागरात राबलेली, टाचा फुटेपर्यंत मीठ ओढलेली. “माझ्या आयशीने मीठ पिकवून हात जाळले आणि जावई बघा, ते पत्र्याला खायला घालतो.” पुढे माहेरचा कुणीही पाहुणा आला आणि जावई काय करतात म्हणाला की हेमा हेच सांगायची, आणि रतन न चुकता वाक्य पुरं करायचा की चवीला चिमूटभर घरी पण आणतो. त्या दिवशी तो पेटीसमोर हातात पट्टी घेऊन फुली मारायला बसला आणि फुली मारता येईना. हत्यार टेकवलं की समोर शर्ट दिसायचा. वर-खाली होणारा.

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर शर्टाचा फोटो आला. शर्टवाला दुसऱ्या मजल्यावरच्यांचा भाचा निघाला, इंटरव्ह्यूला चाललेला, आणि तिथे पोचेपर्यंत अख्ख्या डोंबिवलीने त्याच्या पाठीवरचं वाचलेलं. त्याखाली मग एकेकाचे गंजलेले कुर्ते, ओढण्या, शाळेचे युनिफॉर्म. इतक्या जणांच्या पाठीवर हेमा घरोघरी गेली होती आणि कुणी रतनला बोललं नव्हतं, त्याच्या तोंडाकडे बघून गप्प बसले होते, हे त्याला तेव्हा कळलं. संध्याकाळी सेक्रेटरी विनीत वर आला. चांगला मुलगा. दारातच घुटमळला.

“काका, मीटिंगमधे विषय निघालाय. बाक भंगारात द्या म्हणतायत. मी रविवारपर्यंत थांबवून धरलंय. तुम्ही रंगवून टाका ना, तुमचंच काम ते.”

“फुकटात शर्टवर प्रिंट मिळते, वर तक्रार?” रतन म्हणाला. “दादरला याचे चारशे घेतात.”

विनीत हसला, मग त्याला हसल्याचं वाईट वाटलं, आणि तो चपला घालता घालता म्हणाला, “काकूंचं नाव दुसऱ्या पाटीवर लावू, काका. मी स्वतः करून आणतो.”

रंगवून टाका. विनीतला काय माहीत. गंजावर रंग मारला तर गंज रंगालाच खातो, दोन महिन्यांत फोड येऊन पुन्हा हजर. आधी गंज मुळापासून काढावा लागतो, पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासावं लागतं. आणि इथे गंज कुठे होता? अक्षरांत. बाकीचा बाक अजून भट्टीतून काढल्यासारखा होता, खरं सांगतो, एक फोड नाही. गंज फक्त हेमात होता. गंज काढायचा म्हणजे हेमा काढायची, आणि ठेवायची तर बाक जाणार आणि बाकाबरोबर तीही, अख्खी, भंगारवाल्याच्या हातगाडीवर. रतनने गणित तीनदा उलटसुलट करून बघितलं. पण ह्या गणिताच्या खाली अजून एक गोष्ट होती आणि ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्याला हे सगळं कधीपासून दिसत होतं. पहिल्या पावसाळ्यातच लॅकर पिवळं पडून सुटलं होतं, आमच्या हवेत तर खिडकीचे गजसुद्धा वर्षभरात वाटाण्यासारखे सोलून निघतात, आणि श्रावणात एका सकाळी ह-च्या पोटात पहिला तांबूस ठिपका आला होता. एक ब्रश, एक डबा, तासाभराचं काम. त्याने केलं नाही. त्याऐवजी तो रोज कामावरून येताना बाकाजवळ थांबायचा आणि बघायचा की आज कुठपर्यंत आली. अक्षरं जाड होत होती. कडांना रंग फुगत होता, बारीक बारीक फोड, अंगठ्याच्या नखाने दाबले की कुर्रर्र वाजणारे. मात्रा म-पर्यंत पोचली. दुसऱ्या पावसाळ्यात काना खाली उतरायला लागला, त्याच्या नावाच्या दिशेने. लॅबमधे जे सरकणं बघून तो पट्टीवर लाल शाईने नापास लिहायचा, तेच इथे बघायला त्याचे पाय आपोआप वळायचे. घरात फोटो होता, हार होता, पण फोटोत ती तेवढीच. कपाटातल्या साड्या तेवढ्याच. मोबाइलमधल्या तिच्या आवाजात ती दरवेळी फक्त दूध आणायलाच सांगायची, आणि दरवेळी अर्धाच लिटर. सगळ्या जगात एकट्या त्या बाकावर हेमाचं अजून काहीतरी चालू होतं. तिथे ती वाढत होती.

आजारपण तसं लांबलं नव्हतं. पोटात गाठ, दिवाळीला कळलं आणि होळीला संपलं. शेवटी ठाण्याच्या हॉस्पिटलात होती, आणि तिथेसुद्धा तिला काळजी कशाची, तर पाणी प्यायला घरून आणलेल्या पेल्याची. वॉर्डातल्या बायका नेतील म्हणायची. नाव आहे ना त्याच्यावर, रतन सांगायचा, मग गप्प व्हायची. तो तिला हसवायचा, खूप हसवायचा, ड्रिपच्या बाटलीला ताडी म्हणायचा, मोठ्या डॉक्टरांच्या चालीची नक्कल करायचा, आणि ती हसायची, दुखायचं तिला हसताना, तरी हसायची. ती गेली त्या सकाळी त्यांनी एका पिशवीत चपला, कंगवा आणि पेला दिला. पेला बरोबर घरी आला. तेराव्याला सुद्धा रतनने माणसं हसवली, भटजींच्या फोनची रिंगटोन कशी आहे त्यावरून, आणि उठताना सगळे एकमेकांना सांगत होते की रतनदा खंबीर माणूस, काही लागू दिलं नाही अंगाला. शनिवारी कल्पिताचा फोन आला. विनीतने तिला कळवलेलं. ती म्हणाली की पप्पा घासून टाका, मी अॅक्रेलिकची पाटी करून पाठवते, मम्मीचा फोटो पण येईल त्यात. रतन म्हणाला की फोटो नको, ती पाटीवर बसणाऱ्या कबुतरांवर ओरडेल.

“पप्पा, एकदा तरी माझ्याशी सरळ बोला ना,” कल्पिता म्हणाली. “माझी पण आई होती ती.”

हो, म्हणाला रतन. हो बाळा. मग त्याने बरंच काही बोलायला तोंड उघडलं, आणि विचारलं की भाजी काय केलीस आज.

फोन ठेवला आणि तो सुकलेले कपडे काढायला गॅलरीत गेला. दसऱ्याला आलेली कमळाबाई अजून राहिलेली, तिचं काळंभोर लुगडं दोरीवर होतं. तीही रोज संध्याकाळी त्याच बाकावर बसायची. लुगडं काळं, कुणाला डाग दिसणार नाही, त्यालाही दिसला नव्हता. आता त्याने पदर उजेडाकडे धरला तेव्हा दिसला. काळ्यावर करपट तांबूस, एकावर एक, किती संध्याकाळींचे कोण जाणे, धुऊन न गेलेले. त्याने घडी घातली, अक्षरं आत जातील अशी.

रविवारी सकाळी तो पॉलिश पेपर, खड्डे भरायला थोडी लांबी, झिंकचा प्रायमर आणि कंपनीतून आणलेला मोरपंखी रंगाचा डबा घेऊन खाली उतरला. गेटवर कुणी नव्हतं, बहुतेक मुद्दाम नव्हतं, विनीतने सांगून ठेवलेलं असणार. मागून काठी वाजली. कमळाबाई. जिन्यावरून एकटीच उतरलेली, नव्वदीला टेकलेली बाई, डोळ्यांत मोतीबिंदू आणि तोंडात तपकीर. नको म्हणायला रतनने हात वर केला आणि खाली घेतला.

“काय करतंस रं बाला?”

“बाक रंगवतोय, आये.”

“चांगला तं हाय.” तिने वाकून पाठीवरून हात फिरवला आणि हात खरखरीत जागेवर थांबला. “ह्या काय हाय?”

रतनला सांगता आलं असतं की काही नाही, गंज आहे. ते खोटंही नव्हतं. “नाव आहे,” तो म्हणाला. “हेमाचं.”

म्हातारी बाकासमोर जमिनीवरच फतकल मारून बसली, काठी बाजूला ठेवली. एवढी वर्षं लेकीच्या घरात येऊन जाऊन, त्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव, त्याच भांड्यांत जेवलेली, आणि तिने कधी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. शाळा तिने बाहेरूनसुद्धा पाहिली नव्हती, मिठागरातून दिसण्यासारखी नव्हतीच ती.

“हेमा कुठं सुरू होते?”

रतनने तिचं बोट धरलं. पोलादासारखं बोट, नख जाड, पिवळं. ह-वर ठेवलं, वरून खाली नेलं, पोटातून फिरवलं. हा ह. मग वरची मात्रा, ही टोपीसारखी. मग म, त्याची गाठ, त्याचा उभा दांडा. मग काना. तिने ते सगळं एकदा त्याच्याबरोबर केलं, मग त्याचा हात झटकून एकटीने केलं, मग पुन्हा. बोटाला तांबडी पूड लागली.

“दोनच अक्षरां,” कमळाबाई म्हणाली. “मना वाटलं, लय मोठां असंल.”

“दोनच.”

“मंग पुसतंस कशाला?”

रतनने तिला सांगितलं. कपडे खराब होतात, लोकांनी रविवारपर्यंतची मुदत दिलीय, आज नाही केलं तर बाकच उचलून नेतील. त्याने एकदाही गंमत केली नाही आणि सांगून झाल्यावर ते त्याच्याच लक्षात आलं. म्हातारीने मान हलवली. तिच्या पिढीने खाडी जाताना बघितली होती, मिठागरं जाताना, शेतावर टॉवर उभे राहताना, आणि लोकांच्या मुदती तिला नव्या नव्हत्या. मग ती म्हणाली की काढायचं तर काढ, पण मला सांगून काढ. तर रतनने तसं केलं. खालची स्वतःच्या नावाची बारीक ओळ त्याने एका दमात घासून टाकली, मग हेमाकडे वळला. आधी मात्रा. आये, आता मात्रा काढतोय. पॉलिश पेपर खरखरला, तांबडी पिठी दोघांच्या पायांवर सांडली. मग काना. मग म, तो जड गेला, धोंडीबाने दाबून घातला होता. दर अक्षरानंतर म्हातारी हात पुढे करायची आणि गेलेली जागा चाचपून बघायची, आणि गुळगुळीत लागली की पुढच्यावर बोट ठेवून थांबायची, जा, आता हे घे. शेवटी ह राहिला. रतनचा हात चालेना. कमळाबाईने त्याच्या हातातून पेपर घेतला आणि स्वतः घासायला लागली, मिठाचा ढीग ओढावा तशी, खांद्यातून जोर लावून, तोंडाने हूं हूं करत, आणि तो तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिला आणि रडला. सोसायटीच्या गेटवर, उजेडात, नाक गळत होतं, पुसायला हाताला गंज लागलेला. अडीच वर्षांत पहिल्यांदा. म्हातारीने मागे वळून बघितलं नाही. रड, म्हणाली, मी घासतंय.

खाली पांढरंफेक लोखंड निघालं, ताटाएवढं. खोल गेलेले दोनचार खड्डे त्याने लांबीने भरले, ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या. असं उघडं लोखंड तासाभराच्या आत झाकावं लागतं, नाहीतर उन्हातच तांबूस पडायला लागतं. त्याने प्रायमरचं झाकण उघडलं, काडीने ढवळलं, ब्रश बुडवला. तेवढ्यात कमळाबाईने हात पुढे केला आणि त्या पांढऱ्या जागेवर ठेवला. पूर्ण पंजा, बोटं पसरून, घासून घासून घामाने भिजलेला.

रतनच्या तोंडात शब्द आलेच. उघड्या पत्र्याला हात लावायचा नाही. यावरून त्याने लोकांना कामावरून घरी पाठवलेलं. हाताचा घाम, त्यातलं मीठ, डोळ्यांना दिसत नाही, पुसल्यावर गेल्यासारखं वाटतं, पण वरून कितीही चांगला रंग मारा, तो पंजा आत तसाच राहतो, आणि एका पावसाळ्यानंतर रंगाच्या खालून हळूहळू वर येतो, बोटं, रेषा, सगळ्यासकट. कुणाला कळत नाही की हे कुठून आलं. क्वालिटीवाल्याला कळतं.

म्हातारीने विचारलं, “काढू हात? रंग लावायचाय ना तुना?”

ब्रशवरून प्रायमर टपटप खाली पडत होता. रतन थोडा पुढे सरकला.

“राहू दे, आये,” तो म्हणाला. “अजून जरा दाब.”